मोटारीचा आवाज कमी, इंधनाचा खर्च तेवढाच

रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा आवाज ही तिच्या मालकाची खासगी बाब नव्हे. सायलेन्सर फुटलेली एखादी जीप शाळेवरून गेली, की वर्गातील शिकवणे क्षणभर थांबते; रुग्णालयावरून गेली, की नुकताच डोळा लागलेला रुग्ण जागा होतो. आपल्या गाडीचा इतरांना उपद्रव होतो हे मालकालाही ठाऊक असते. तरीही दुरुस्ती लांबणीवर पडते. खर्च हे त्याचे एक कारण असते; परंतु त्याहून बळकट कारण एका समजुतीत दडलेले असते. सायलेन्सर जितका मोकळा तितकी गाडी हलकी पळते आणि तिचे ॲव्हरेज वाढते. उलट आवाज दाबला की एंजिन गुदमरते व पेट्रोल अधिक खाते, अशी ती समजूत होय. वाहनचालकांत, गॅरेजमध्ये आणि क्वचित सुशिक्षित मालकांतही ती आढळते.

ही समजूत सर्वस्वी निराधार नाही. मात्र आजच्या मोटारींच्या बाबतीत ती बहुतांशी चुकीची आहे. एंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू आणि त्याच्याबरोबर येणारा ध्वनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वायूला वाट देऊन ध्वनीला अडविता येते. चांगला सायलेन्सर नेमके हेच करतो. ही गोष्ट एकदा नीट ध्यानात आली, की कोणती दुरुस्ती करावी, कोणती टाळावी आणि इंधनाचे नुकसान नेमके कशाने होते, हे ठरविणे अवघड राहत नाही.

आवाज उत्पन्न कसा होतो?

बहुतेक मोटारींत चार धावांचे, म्हणजे फोर-स्ट्रोक एंजिन असते. सिलिंडरमध्ये इंधन व हवा यांचे मिश्रण जळते, दट्ट्या खाली ढकलला जातो आणि त्याची धाव संपण्याच्या सुमारास निष्कास झडप उघडते. एंजिनावर चांगला भार असेल, तर त्या क्षणी आतील वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या कित्येक पट असतो. झडप उघडताच हा वायू एखाद्या धक्क्यासारखा नळीत शिरतो. एकामागून एक येणाऱ्या या धक्क्यांनी आवाज तयार होतो.

धक्के किती येतात, याचा हिशेब सोपा आहे. चार धावांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला ५० फेरे होतात. चार सिलिंडर असतील, तर प्रत्येक फेऱ्यात दोन, म्हणजे सेकंदाला १०० धक्के नळीत येतात. या आवाजाचा मुख्य सूर म्हणूनच १०० हर्ट्झचा असतो आणि त्याच्या जोडीला २००, ४०० असे वरचे सूरही असतात. गतीने वाहणाऱ्या वायूचा सळसळाट आणि पत्र्यांची थरथर यांचीही त्यात भर पडते.

आवाज डेसिबल या मापाने मोजतात. हे माप साध्या बेरजेने चालत नाही. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. २० डेसिबल वाढले म्हणजे ऊर्जा शंभरपट होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले, की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. अंतर दहापट केले, की २० डेसिबलने उतरतो. याचा व्यवहारातील अर्थ असा, की जी मोटार २० डेसिबल अधिक आवाज करते, ती शंभर मीटरवरून जात असताना दहा मीटरवरून जाणाऱ्या सुस्थितीतील मोटारीएवढी ऐकू येते. एका फुटक्या सायलेन्सरमुळे उपद्रवाचे क्षेत्र किती विस्तारते, हे यावरून ध्यानी येईल.

वायूचा प्रवाह आणि ध्वनीची लाट

नदीच्या पात्रात पाणी वाहत असते आणि त्याच वेळी पृष्ठभागावरून लाटाही जात असतात. पाणी पुढे जाते ते संथपणे. लाट जाते ती तिच्या स्वतंत्र वेगाने. काठाशी वेताची जाळी किंवा दगडांची रचना केली, तर लाट विरते, पाणी मात्र अडत नाही. मोटारीच्या निष्कास नळीतही असेच दोन व्यवहार एकाच वेळी चालतात. वायू मागे वाहत जातो आणि दाबाच्या लाटा, म्हणजे ध्वनी, त्याच्यातून ध्वनीच्या वेगाने धावतात. हा वेगही साध्या हवेतील वेगापेक्षा अधिक असतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ४०० अंश तापलेल्या वायूत तो सुमारे ५२० मीटर जातो.

सायलेन्सरच्या रचनाकाराला या लाटा विरवावयाच्या असतात. प्रवाह रोखावयाचा नसतो. त्यासाठी मुख्यतः तीन युक्त्या वापरतात.

पहिली युक्ती प्रसरण कक्षाची. अरुंद नळी एकाएकी रुंद डब्यात उघडली, की लाटेचा मोठा भाग आल्या वाटेने परत फिरतो आणि मागून येणाऱ्या लाटांना काही अंशी नाहीसे करतो. डब्याचा व्यास नळीच्या तिप्पट असेल, तर छेदाचे क्षेत्रफळ नऊपट होते आणि अनुकूल कंपनसंख्येला आवाज सुमारे १३ डेसिबलने उतरतो. व्यास चौपट असेल, तर सुमारे १८ डेसिबलने उतरतो. डब्याची लांबी ध्वनीच्या तरंगलांबीच्या एक-चतुर्थांश असली, की परिणाम सर्वाधिक मिळतो.

दुसरी युक्ती अनुनादकाची. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातली, की एक ठरावीक सूर निघतो. अशी 'बाटली' नळीच्या बाजूला जोडली, तर ती नळीतील नेमका तोच सूर गिळून टाकते. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी या तत्त्वाचा अभ्यास केला. म्हणून या रचनेला हेल्महोल्ट्झ अनुनादक म्हणतात. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी, की वायूचा प्रवाह या कक्षातून जातच नाही. तो सरळ नळीतून निघून जातो. आवाज कमी होतो आणि प्रवाहाला अडथळाही होत नाही.

तिसरी युक्ती शोषणाची. सरळ नळीला बारीक छिद्रे पाडून तिच्याभोवती काचतंतूंसारखे उष्णता सहन करणारे द्रव्य भरतात. छिद्रांतून शिरलेली लाट त्या तंतूंत घासली जाते आणि तिच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. वरच्या पट्टीतील कर्कश सूर यामुळे चांगले दबतात; खालच्या पट्टीतील घुमणारे सूर मात्र फारसे दबत नाहीत. म्हणून मोटारीच्या कारखान्यातून येणाऱ्या व्यवस्थेत या तीनही युक्त्यांचा मेळ घातलेला असतो. मधल्या भागात लहान अनुनादक व मागे मोठा सायलेन्सर, ही नेहमीची मांडणी होय.

उलट दाब आणि इंधन

सायलेन्सर, नळीची वळणे आणि वाटेतील इतर भाग यांतून वायू ढकलताना एंजिनाला थोडा जोर लावावा लागतो. या अडथळ्यामुळे नळीत जो दाब साठतो त्याला उलट दाब म्हणतात. उलट दाब वाढला, की जळका वायू बाहेर काढण्यात दट्ट्याची काही शक्ती खर्ची पडते. सायलेन्सरमुळे इंधन जाते, हे म्हणणे इतपत खरे आहे.

परंतु हा दाब किती आणि केव्हा, हे पाहिले पाहिजे. उलट दाब साधारणपणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. प्रवाह निम्मा झाला, की दाब चौथा हिस्सा होतो. प्रवाह पाव झाला, की दाब सोळावा हिस्सा उरतो. घाट चढताना किंवा पूर्ण वेग घेताना तो जाणवण्याजोगा असतो. मात्र गाडी सपाट रस्त्यावर समान वेगाने चालली असताना एंजिनातून वाहणारा वायू त्याच्या कमाल प्रवाहाचा लहानसा अंश असतो आणि उलट दाब नगण्य राहतो. पेट्रोल एंजिनात तर अशा वेळी दुसरा व्यय कितीतरी मोठा असतो. ॲक्सिलरेटर अर्धवट दाबलेला असल्यामुळे आत येणारी हवा कोंडलेल्या वाटेने ओढावी लागते आणि आतील दाब बाहेरच्या दाबाच्या निम्म्याच्या आसपास उतरतो. हा व्यय तसाच ठेवून सायलेन्सर काढून टाकल्याने ॲव्हरेजमध्ये मोजता येईल अशी वाढ होणार नाही.

मग ही समजूत आली कोठून? तिचा उगम मोटारीच्या बाल्यावस्थेत आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील रीव्ह्ज बंधूंनी १८९७ साली एंजिनाच्या निष्कास मार्गासाठी सायलेन्सरचे पेटंट घेतले. त्या काळातील सायलेन्सर ओबडधोबड असत आणि एंजिनेही दुबळी असत. चढ लागला, की चालक पायाने एक झडप उघडीत आणि वायू सायलेन्सर टाळून थेट बाहेर सोडीत. या झडपेला कट-आउट म्हणत. तेव्हा आवाज आणि शक्ती यांचे नाते खरोखरच डोळ्यांपुढे दिसत असे. पुढे एंजिने सुधारली, सायलेन्सरची रचना गणिताने होऊ लागली. ते नाते सैल झाले. समजूत मात्र टिकून राहिली.

याउलट काही दोष असे आहेत, की त्यांनी इंधनाचे नुकसान निश्चित होते. गतिरोधकावर आपटून नळी चेपणे हा त्यांपैकी एक. सारखाच वायू सारख्या लांबीच्या नळीतून न्यावयाचा असेल, तर अडथळा व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. ५० मिलिमीटर व्यासाची नळी ४० मिलिमीटरची झाली, तर तिचा अडथळा सुमारे तिप्पट होतो. सायलेन्सरच्या आतील पडदा तुटून वाट अडविणे, किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची जाळी वितळून अथवा काजळीने बुजणे, हे त्याच जातीचे दोष होत. गाडी घाटात दम टाकू लागली आणि ॲक्सिलरेटर दाबूनही वेग धरीनाशी झाली, तर या दिशेने तपास करावा.

फुटक्या नळीने इंधन अधिक जळते

सर्वांत महत्त्वाची गोष्ट याच्या नेमकी उलट बाजूची आहे. आवाज वाढवणारे छिद्र इंधनाचा खर्चही वाढवू शकते. आजच्या पेट्रोल मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे नळीत ऑक्सिजन सेन्सर बसविलेला असतो. जळक्या वायूत किती ऑक्सिजन उरला, हे तो एंजिनाच्या नियंत्रण संगणकाला कळवितो आणि त्यावरून इंधनाचे प्रमाण ठरते. शुद्ध पेट्रोलसाठी हे प्रमाण वजनाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा असे असते.

आता मॅनिफोल्डचे गॅस्केट जळाले आहे किंवा सेन्सरच्या अलीकडे नळीला चीर गेली आहे, असे समजा. धक्का येतो तेव्हा वायू चिरेतून बाहेर पडतो आणि त्याचा टकटक आवाज येतो. दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी नळीतील दाब उतरतो आणि त्याच चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो. इंधन कमी पडते आहे असा संगणकाचा समज होतो आणि तो अधिक इंधन सोडतो. येथे आवाज बंद करणे आणि इंधन वाचविणे ही एकच दुरुस्ती ठरते.

चीर सेन्सर व कन्व्हर्टर यांच्या पलीकडे, मागच्या बाजूस असेल, तर इंधनाच्या प्रमाणावर तिचा परिणाम सहसा होत नाही; आवाज तेवढा वाढतो. तथापि तिच्याकडेही दुर्लक्ष करता येणार नाही. जळक्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे बांधला जातो. गाडीच्या तळातून तो आत शिरला, तर प्रवाशांच्या जिवावर बेतू शकते.

तपासणी कशी करावी?

तपासणी गाडी थंड असताना, सपाट व उघड्या जागेवर करावी. बंद गॅरेजमध्ये एंजिन कधीही चालू ठेवू नये. गाडीखाली शिरावयाचे असल्यास केवळ जॅकवर विसंबू नये. मजबूत स्टँड लावावेत.

प्रथम आवाजाचे स्वरूप ओळखावे. एंजिनाजवळ टकटक होत असेल आणि गाडी गरम झाल्यावर ती कमी होत असेल, तर मॅनिफोल्डचे गॅस्केट किंवा तेथील नटबोल्ट पाहावेत. गाडीच्या मध्यातून फटफट येत असेल, तर लवचीक जोड, म्हणजे बेलोज, किंवा नळीचा सांधा फुटलेला असण्याचा संभव आहे. मागून जड, पोकळ घरघर येत असेल, तर सायलेन्सरचा पत्रा कुजलेला असतो. केवळ पत्र्याची खडखड येत असेल, तर उष्णतारोधक पत्र्याचा स्क्रू किंवा रबरी हँगर पाहावा. ही किरकोळ दुरुस्ती असते.

त्यानंतर दोघांनी मिळून एक सोपी कसोटी घ्यावी. एंजिन थंड असतानाच चालू करावे. एकाने जाड ओले फडके नळीच्या मागील तोंडावर काही सेकंद दाबून धरावे आणि दुसऱ्याने बाजूने कान द्यावा. जेथे फुसफुस ऐकू येईल तेथे गळती आहे. सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा दिसत असेल, तर तोही गळतीचाच पुरावा होय.

सायलेन्सर कुजतो का, हेही जाणून घेतले पाहिजे. एक लिटर पेट्रोल जळाले, की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. एरवी ते वाफेच्या रूपाने निघून जाते. परंतु घर ते कार्यालय एवढाच दोन-तीन किलोमीटरचा प्रवास असेल, तर मागचा सायलेन्सर पुरता तापत नाही आणि पाणी आत साचते. त्यात आम्ले मिसळतात व पत्रा आतून गंजतो. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेमुळे बाहेरूनही गंज चढतो. पुष्कळ सायलेन्सरना तळाशी एक बारीक छिद्र असते. ते पाणी निथळण्यासाठी मुद्दाम ठेवलेले असते. गळती समजून ते बुजवू नये. आठवड्यातून एकदा गाडी सलग वीस-पंचवीस किलोमीटर चालविणे हा सायलेन्सरचे आयुष्य वाढविण्याचा बिनखर्ची उपाय आहे.

दुरुस्ती : काय करावे, काय टाळावे

गॅस्केट, क्लँप व हँगर स्वस्त असतात. ते प्रथम बदलावेत. लहान चीर वेल्डिंगने बुजविता येते. मात्र वेल्डिंगचा रस नळीच्या आत उतरून वाट अरुंद होऊ देऊ नये. विजेच्या वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी सोडवावी. तसे न केल्यास नियंत्रण संगणक बिघडू शकतो. पत्रा जागोजागी पातळ झाला असेल, तर ठिगळे लावीत बसण्यापेक्षा सायलेन्सर बदलणे शहाणपणाचे ठरते. नवा घेताना त्याच गाडीसाठी बनविलेला घ्यावा आणि नळीचा आतील व्यास मूळ व्यासाइतकाच आहे याची खात्री करावी. गंजरोधक पोलादाचा सायलेन्सर महाग पडतो. परंतु दमट व खाऱ्या हवेत तो अधिक वर्षे टिकतो.

सर्व गळती बंद करूनही आवाज अधिक वाटत असेल, तर मूळ व्यासाचीच सरळ, छिद्रयुक्त नळी असलेला शोषक प्रकारचा एक जादा अनुनादक मधल्या भागात बसविण्याचा मार्ग आहे. त्यातून वायू सरळ जात असल्यामुळे उलट दाबात फारशी भर पडत नाही. मात्र हे काम अधिकृत दुरुस्ती केंद्राच्या सल्ल्याने करावे आणि सेन्सर व कन्व्हर्टर यांची जागा मुळीच बदलू नये.

काही मोटारींत एका ठरावीक वेगाला घुमणारा आवाज येतो आणि कान बधिर झाल्यासारखे वाटते. चार सिलिंडरचे एंजिन २,००० फेऱ्यांवर असताना सुमारे ६७ हर्ट्झचा सूर निघतो आणि गाडीच्या बंद डब्यातील हवा त्याला साथ देते. या सुरासाठी एका टोकाला बंद अशी बाजूची नळी जोडता येते. तिची लांबी तरंगलांबीच्या एक-चतुर्थांश असावी लागते. नळीच्या मागील भागात वायू २५० अंश तापलेला आहे असे धरले, तर ही लांबी सुमारे १.७ मीटर भरते. इतकी जागा गाडीखाली क्वचितच मिळते; म्हणून कारखानदार आटोपशीर हेल्महोल्ट्झ कक्ष वापरतात. असा घुमारा एकाएकी सुरू झाला असेल, तर नव्या नळीच्या मागे लागण्यापूर्वी हँगर व एंजिनाचे रबरी आधार तपासावेत. नळी कोठे सांगाड्याला टेकलेली असली, तरी हाच परिणाम होतो.

आता टाळावयाच्या गोष्टी. नळीच्या तोंडात तारेची जाळी कोंबणे, अरुंद बूच बसविणे किंवा तोंड ठोकून लहान करणे, हे प्रकार सर्रास आढळतात. यांत ध्वनी आणि वायू दोन्ही अडविले जातात. आवाज थोडा कमी होतो आणि एंजिन खरोखरच गुदमरते. आवाज दाबला की ॲव्हरेज घटते, हा अनुभव पुष्कळांना अशाच उपायांमुळे आलेला असतो. दुसरी गोष्ट कन्व्हर्टर काढून टाकण्याची. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो बसविणे सुरू झाले. त्याच्या जाळीतून जाताना धक्केही सौम्य होतात. तो काढला, की आवाज वाढतो, विषारी वायू वाढतात आणि संगणकाकडून चुकीच्या सूचना येऊ लागतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकानुसारच्या डिझेल मोटारींत काजळी गाळणारा फिल्टर असतो. त्यालाही हाच नियम लागू आहे. तिसरी गोष्ट हवेच्या फिल्टरची. त्याचा डबा एंजिनात शिरणाऱ्या हवेचा आवाजही दाबतो. तो उघडा ठेवून गाडी चालविली, तर आवाज वाढतो आणि धूळ एंजिनात जाते.

दुरुस्तीने इंधनावर काय परिणाम झाला, हे अंदाजाने सांगू नये, मोजून पाहावे. टाकी पूर्ण भरावी, किलोमीटरचा आकडा लिहावा आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरून, भरलेल्या लिटरांनी किलोमीटरांना भागावे. एका वेळच्या आकड्यावर विसंबू नये. दुरुस्तीपूर्वीच्या व नंतरच्या किमान तीन-तीन टाक्यांची सरासरी घ्यावी. टायरमधील हवा आणि नेहमीचा रस्ता सारखा असावा. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणारी व लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी ७५० लिटर इंधन घेते. तिच्यात शंभरात तीनचा फरक पडला, तर तो वर्षाला साडेबावीस लिटरांचा होतो. हा आकडा स्वतःच्या वहीत दिसला, की कोणाच्याही समजुतीवर अवलंबून राहण्याचे कारण उरत नाही.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक मोटार वाहनाला, कृषी ट्रॅक्टरसह, सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. प्रसरण कक्षाद्वारे किंवा अन्य रीतीने आवाज शक्य तितका कमी करणे हे त्याचे कार्य म्हणून नियमातच नमूद आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ खाली १ एप्रिल २००५ पासून लागू झालेल्या मर्यादेप्रमाणे, नऊ आसनांपर्यंतच्या नव्या प्रवासी मोटारीचा आवाज निर्मितीच्या वेळी ७४ डेसिबलपेक्षा अधिक असता कामा नये. वेग घेत जाणाऱ्या गाडीपासून ७.५ मीटर अंतरावर हे मोजमाप घेतात. १९६६ साली पुण्यात स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत वाहनांच्या अशा चाचण्या घेण्यात येतात. या मर्यादेत बसणाऱ्या गाड्या उत्तम ॲव्हरेज देतात, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने दंड वाढविण्यात आले. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचे उल्लंघन करणारे वाहन सार्वजनिक जागी चालविल्यास कलम १९०(२) खाली पहिल्या अपराधासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तसेच तीन महिन्यांसाठी अनुज्ञप्ती धारण करण्यास अपात्रता, अशी तरतूद करण्यात आली. सायलेन्सर टाळून वायू बाहेर सोडणारा कट-आउट वापरणाऱ्यास कलम १९४-फ खाली प्रथम एक हजार व पुन्हा अपराध केल्यास दोन हजार रुपये दंड ठरविण्यात आला. शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारींवरील ती झडप कायद्याच्या भाषेत अशी अजून जिवंत आहे. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांच्याभोवतीचे १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते. तेथील सरासरी ध्वनिपातळीची मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल आहे.

स्थानिक पातळीवर काय करता येईल?

दंडाची तरतूद आवश्यक असली, तरी समजूत बदलल्याखेरीज सायलेन्सर बदलत नाही. शासकीय व निमशासकीय वाहनांच्या लॉगबुकात किलोमीटर व इंधन यांची नोंद होतच असते. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर सायलेन्सर, सांधे व हँगर यांच्या तपासणीची एक नोंद तीत जोडावी. कार्यालयाची गाडीच फटफटत असेल, तर इतरांना सांगण्याचा अधिकार उरत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांना हा विषय वर्गात घेता येईल. रिकामी बाटली, वहीच्या कागदाची नळी आणि मोबाइलवरील ध्वनिमापक एवढ्या साधनांवर अनुनाद व अंतराचा नियम विद्यार्थ्यांना दाखविता येतो. ग्रामपंचायतीने शाळा व आरोग्य केंद्र यांच्याजवळ शांततेचे फलक लावावेत. गावातील गॅरेजचालक आणि जीप व टेम्पोचे मालक यांना एकदा एकत्र बोलवावे. गॅस्केटची चीर इंधन कशी खाते, हे त्यांच्यापैकीच एखाद्या गाडीवर प्रत्यक्ष दाखविले, तर त्याचा उपयोग भाषणापेक्षा अधिक होईल.

शेजाऱ्याची झोप राखावयाची, तर आपले पेट्रोल वाया घालवावे लागते, असा पेच प्रत्यक्षात नाही. वाट मोकळी आणि सांधे घट्ट, एवढे पथ्य पाळले म्हणजे दोन्ही साधतात. दुरुस्ती करून आलेल्या गाडीच्या मालकाने तीन टाक्यांचा हिशेब गावातील चावडीवर चारचौघांना सांगितला, तर पुढच्या गाडीचा सायलेन्सर लवकर दुरुस्त होईल.